सिकलसेल, डायलिसिस आणि दिव्यांग प्रमाणपत्र: बोर्डासमोर जाण्याआधी

प्रश्न पूर्व विदर्भातल्या एका ताईंचा आहे. धाकटा भाऊ 24 वर्षांचा. लहानपणापासून सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार; लाल कार्ड आहे. वर्षातून काही वेळा दुखणं असह्य होऊन भरती करावं लागतं, आणि अलीकडे डाव्या खुब्यात दुखतं म्हणून लंगडतो. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी नेलं तेव्हा "पोरगा तर चांगला दिसतोय" एवढंच ऐकायला मिळालं, हातात कागद काही पडला नाही. वडील 58 वर्षांचे, शेतमजुरी करायचे. जुना मधुमेह, आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्यांच्या वेळी "किडनी यादीत नाही" असं सांगून परत पाठवलं. ताई स्वतः एका दुकानात कामाला आहेत. त्यांचं विचारणं असं की एवढे मोठे आजार असूनही सरकारदरबारी दोघंही बसत नाहीत का, आणि पुन्हा अर्ज करायचा तर वेगळं काय करायचं.

ताई, दोघंही बसू शकतात, पण वेगवेगळ्या दारांनी. मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून बरीच वर्षं हेच काम केलं आहे आणि तुमच्यासारख्या अनेक घरांबरोबर बोर्डाच्या, म्हणजे दिव्यांगत्व तपासून त्याचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाच्या, बाकावर बसलो आहे. त्यातून एक गोष्ट ठामपणे सांगतो. बोर्ड आजाराचं नाव मोजत नाही, आजारामुळे काय करता येईनासं झालं ते मोजतं. आणि ते बोर्डाला दिसतं फक्त कागदात. तुमच्या भावाची फाइल "सिकलसेल आहे" इथेच थांबली असणार, असा माझा अंदाज आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण खिडकीवरचा माणूस काहीही सांगतो आणि आपण मान डोलावून परत येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. जुन्या 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते, या कायद्यात 21 आहेत. त्यात रक्ताचे तीन आजार आले: हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. मज्जासंस्थेच्या जुनाट आजारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन आले. मानसिक आजार आहे, स्नायूंचा ऱ्हास होणारा मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. तेव्हा भावाचा आजार यादीत नावानिशी आहे, त्यावर कोणी वाद घालू शकत नाही. वाद होतो तो टक्क्यांवर. बहुतेक लाभ 40 टक्के आणि त्यापुढे मिळतात.

लाल कार्डाबद्दल एक खुलासा करतो, कारण इथे खूप घोळ होतो. सिकलसेल कार्यक्रमात लाल कार्ड म्हणजे रुग्ण, एसएस. पिवळं कार्ड म्हणजे वाहक, एएस. वाहकाला त्या कारणाने दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. दुसरीकडे, दिव्यांगांच्या यूडीआयडी ओळखपत्रालाही रंग आहेत: 40 टक्क्यांच्या आत पांढरा, 40 पासून 80 च्या आत पिवळा, 80 आणि पुढे निळा. या दोन रंगांचा एकमेकांशी काही संबंध नाही. लाल कार्ड हे निदान झाल्याचं चिन्ह आहे, दिव्यांगत्वाचा पुरावा नाही. बोर्डाला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार नक्की सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट लागतो. शाळेत बोटातून रक्त घेऊन केलेली सोल्युबिलिटी ही फक्त चाळणी आहे, तिच्या चिठ्ठीवर जाऊ नका. एचपीएलसीचा मूळ रिपोर्ट हरवला असेल तर पुन्हा करून घ्या, सरकारी व्यवस्थेत तो होतो.

आता मुख्य काम. सिकलसेल हा येणारा-जाणारा आजार आहे. क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा जोराचा झटका, नसतो त्या दिवशी माणूस चारचौघांसारखा चालतो-बोलतो, आणि बोर्डाचा दिवस हा जवळजवळ नेहमी बऱ्या दिवसांपैकीच असतो. तो बरा नसता तर भाऊ रांगेत उभाच राहू शकला नसता. म्हणजे बोर्ड ज्या माणसाला पाहतं तो वर्षातल्या चांगल्या दिवसाचा माणूस असतो. वाईट दिवस त्यांच्या टेबलावर आपण ठेवायचे असतात. कसे?

घरातले सगळे केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याच्या नोंदी बाहेर काढा आणि तारखेप्रमाणे लावा. नवा कागद वर, जुना खाली. मग एका कोऱ्या पानावर मागच्या दोन वर्षांचा हिशोब मांडा: कोणत्या महिन्यात भरती, किती दिवस, कशासाठी, रक्त किती बाटल्या, ऑक्सिजन लागला का, घरीच गोळ्या घेऊन काढलेले दुखण्याचे दिवस किती. हे पान फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. डॉक्टरांकडे एका रुग्णामागे काही मिनिटं असतात. ऐंशी कागदांचा गठ्ठा कोणी उलगडत नाही, पण एक पान सगळे वाचतात आणि शंका आली की खालचा कागद काढून पाहतात. घरी काढलेल्या दिवसांना कागद नसतो, म्हणून आजपासून एक साधी वही ठेवा. तारीख, कुठे दुखलं, कामावर किंवा क्लासला जाता आलं का, रात्री झोप लागली का, एवढंच. रोज लिहायची गरज नाही, दुखलं त्या दिवशी लिहा. आणि खरं तेच लिहा. सलग सगळ्या दिवसांवर "असह्य वेदना" लिहिलेली वही डॉक्टर एका नजरेत ओळखतात, आणि मग खऱ्या नोंदींवरचाही विश्वास जातो.

दुसरा कागद त्याच्यावर नेहमी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा. बहुतेक चिठ्ठ्यांवर लिहिलेलं असतं: सिकलसेलचा रुग्ण, उपचार चालू, हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलचं नेहमीचं औषध) घेतो. यात चूक काही नाही, पण टक्के ठरवणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही. डॉक्टरांना विनंती करा की पुढची माहिती लिहून द्या: मागील 12 महिन्यांत वेदनेसाठी किती वेळा भरती, किती वेळा रक्त दिलं, हिमोग्लोबिन साधारण किती राहतं, छातीचा किंवा मेंदूचा त्रास कधी झाला का, डोळे, किडनी, हाडं यांना इजा झाली आहे का, आणि यामुळे तो किती वेळ उभा राहू शकतो, किती चालू शकतो, किती वजन उचलू शकतो, महिन्यात किती दिवस घरी बसतो. डॉक्टर टाळत नाहीत, त्यांना वेळ नसतो. तुम्ही हे मुद्दे कागदावर लिहून नेले तर ते पाच मिनिटांत आपल्या भाषेत उतरवून सही-शिक्का देतात. अर्थात त्यांनी जे तपासलं तेवढंच ते लिहितील, आणि तसंच असायला हवं.

तिसरी गोष्ट खुब्याची. तुमच्या पत्रातलं हे एक वाक्य माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलं आहे. सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो गोळा झिजतो. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. तरुण सिकलसेल रुग्ण लंगडायला लागला की पहिला संशय हाच घ्यायचा. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. आधी ते उपचारासाठी पाहा, प्रमाणपत्र नंतर. वेळेत कळलं तर वजन न टाकणं, व्यायाम, शस्त्रक्रिया यांतलं काही करता येतं. दुखण्याच्या गोळ्यांवर ढकलत राहिला तर तोपर्यंत सांधा जातो.

प्रमाणपत्राच्या बाजूनेही खुब्याने चित्र बदलतं. सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण कलम 34 मध्ये आहे, आणि त्यात अंध व अल्पदृष्टी, कर्णबधिर, अस्थिव्यंग गट, आणि स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार वगैरेंचा गट आहे. रक्ताचे आजार त्यात नाहीत. म्हणजे निव्वळ सिकलसेलचं 60 टक्क्यांचं प्रमाणपत्र असलं तरी नोकरीच्या आरक्षणात तो बसत नाही. कित्येक मुलं हे माहीत नसल्यामुळे स्पर्धा परीक्षेचे फॉर्म दिव्यांग कोट्यातून भरतात आणि कागद तपासणीत बाहेर पडतात. त्या वेळचं त्यांचं तोंड पाहवत नाही. पण खुब्याच्या इजेमुळे अस्थिव्यंगाचंच प्रमाण 40 टक्के किंवा जास्त भरलं, तर तो अस्थिव्यंग गटात येतो. म्हणून अर्जात सिकलसेल लिहून थांबू नका. सांध्याची तक्रार वेगळी नोंदवा आणि अस्थिरोग तज्ज्ञांकडून वेगळं मूल्यमापन मागा. उच्च शिक्षणातलं 5 टक्के आरक्षण मात्र 21 पैकी कोणत्याही प्रकारच्या 40 टक्क्यांवर मिळतं, वयात 5 वर्षांची सूटही आहे. भावाला पुढे शिकायचं असेल तर तो रस्ता सिकलसेलच्या प्रमाणपत्रावरही खुला आहे.

दोन प्रकारचे टक्के मिळाले तर त्यांची सरळ बेरीज होत नाही, हेही समजून घ्या, नाहीतर बोर्डाने कमी लिहिलं असं वाटतं. मोठा आकडा पूर्ण धरतात. लहान आकड्याला 90 वजा मोठा आकडा याने गुणून 90 ने भागतात, आणि जे येईल ते मोठ्यात मिळवतात. समजा एका कारणाने 40 आणि दुसऱ्याने 20 टक्के. तर 20 गुणिले 50 भागिले 90, म्हणजे सुमारे 11. एकूण 51, 60 नाही.

बोर्डासमोरच्या बोलण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण चांगली फाइल इथे वाया जाताना मी पाहिली आहे. आपल्याकडे डॉक्टरांनी "कसं काय, बरं आहे ना?" विचारलं की तोंडातून आपोआप "हो, बरं आहे" निघतं. ते शिष्टाचाराचं उत्तर असतं, पण समोर ते माहिती म्हणून लिहिलं जातं. घरची माणसं तर आणखी पुढे जातात. बाप अभिमानाने सांगतो की माझा मुलगा सगळी कामं करतो, कोणाचं ऐकत नाही. आई सांगते, देवाच्या कृपेने आता काही त्रास नाही. त्यामागचं प्रेम मला कळतं. आजारी पोराला कोणी दुबळं म्हणू नये म्हणून ते तसं बोलतात. पण त्या खोलीत हे बोलणं त्याच्याच विरोधात जातं. भावाला समजावून सांगा की करू शकतो का या प्रश्नाचं उत्तर हो-नाही असं देऊ नको. किती वेळ, किती दिवस, आणि नंतर काय होतं ते सांग. "पाण्याची घागर उचलतो, पण दोन खेपांनंतर खुबा धरतो आणि त्या रात्री गोळी घ्यावी लागते" हे पूर्ण उत्तर आहे. लंगडतोय त्यापेक्षा जास्त लंगडून दाखवायचं नाही. अस्थिरोग तज्ज्ञ सांध्याची हालचाल मोजतात, नाटक तिथल्या तिथे उघडं पडतं. आणि दुखणं लपवून ताठ चालायचंही नाही.

मानसिक आजाराचा कोणी रुग्ण हे वाचत असेल तर त्याच्यासाठीही हेच सूत्र जास्तच लागू आहे. तिथे आयडियाज नावाच्या मोजपट्टीवर चार गोष्टी तपासतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम. प्रत्येकीला 0 ते 4 गुण, आणि आजार किती काळ आहे त्याचे वेगळे गुण. एकूण 7 झाले की 40 टक्क्यांची रेषा येते. बघा, यात निदानाच्या नावाला एकही गुण नाही. आंघोळ कोणी आठवण करून दिल्याशिवाय होते का, नोकऱ्या किती सुटल्या, घरात कोणाशी बोलणं उरलं आहे, यावर सगळं ठरतं. त्यामुळे सोबत रोज घरात राहणारा माणूस न्या.

अर्जाची वाट सरळ आहे. यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा. ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, फोटो आणि उपचारांचे कागद जोडायचे, आणि नोंदणी क्रमांक जपून ठेवायचा. पोर्टलवर फी नाही. सेतू केंद्रात भरून घेतलात तर त्यांचा सेवाखर्च तेवढा. तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या रुग्णालयाबरोबरच, जिथे त्या आजारावर उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत त्या सरकारी रुग्णालयाकडेही अर्ज करण्याची सोय नियमांत आहे. भावाचे उपचार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चालू असतील तर माझा सल्ला तिथेच करा असा आहे. त्यांच्याकडे त्याचे जुने केस पेपर आहेत, रक्तविकारांचे रुग्ण ते रोज पाहतात, आणि अस्थिरोग विभाग त्याच आवारात असतो.

आता तुम्हाला जे "चांगला दिसतोय" म्हणून परत पाठवलं, त्याविषयी. तो नकार कायद्याच्या दृष्टीने नकार नाही. प्रमाणपत्र द्यायचं नसेल तर कारण लेखी कळवावं लागतं. आधी पोर्टलवर अर्जाची स्थिती पाहा. तिथे अर्ज प्रलंबित दिसत असेल तर नव्या कागदांसह त्याच अर्जावर पुन्हा तारीख मागा. नाकारला असं दिसत असेल तर लेखी कारण मागा. नाकारला गेला किंवा टक्के कमी वाटले, तर निर्णयापासून 90 दिवसांच्या आत अपील करता येतं, कायद्याच्या कलम 59 मध्ये ती तरतूद आहे. अपिलात भावना लिहू नका. बोर्डाने कोणता कागद पाहिला नाही किंवा कोणती इजा मोजली नाही, ते लिहा आणि तो कागद जोडा. ऑक्टोबर 2024 मध्ये नियम बदलले, तेव्हापासून प्रमाणपत्र देण्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे, पूर्वी ती एक महिना होती. मुदत उलटली तर जिल्हा शल्यचिकित्सकांना साधा अर्ज द्या, पोचपावती घ्या, आणि तरी हललं नाही तर माहिती अधिकारात एवढंच विचारा की या क्रमांकाचा अर्ज आज कोणाच्या टेबलावर आहे. पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिथेही लेखी तक्रार करता येते. भांडण करू नका. त्याच माणसांकडे तुम्हाला पुढेही जायचं आहे.

40 पेक्षा कमी टक्के आले तर पुष्कळ लोक रागाने प्रमाणपत्र घ्यायलाच जात नाहीत. घ्या. फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही. तो उमेदवार हाताच्या जुनाट विकारामुळे लिहू शकत नव्हता. त्यानंतर 2022 मध्ये केंद्राने 40 टक्क्यांखालच्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी सूचना काढल्या. शिवाय आजार वाढला तर पुढच्या मूल्यमापनाला आधीचा आकडा हा पाया असतो.

तात्पुरतं प्रमाणपत्र मिळण्याचीही शक्यता आहे. खुब्यावर शस्त्रक्रिया व्हायची असेल तर बोर्ड मुदत घालून देतं. त्यात अन्याय नाही. मुदतीची तारीख मात्र घरातल्या सगळ्यांना माहीत हवी, आणि तिच्या तीन-चार महिने आधी नव्याने अर्ज करा. मधल्या काळात प्रमाणपत्र संपलं की अनुदान थांबतं आणि ते पुन्हा सुरू करायला नव्यापेक्षा जास्त वेळ जातो.

आता वडील. खिडकीवर जे सांगितलं ते अर्धं खरं आहे. किडनीचा आजार 21 च्या यादीत नाही. हृदयविकार, कर्करोग, मधुमेह, संधिवात हेही नाहीत. पण या आजारांनी शरीराचं जे नुकसान होतं, ते यादीत असू शकतं. संधिवाताने बोटं वाकली तर ते अस्थिव्यंग म्हणून मोजतात. मधुमेहाने पाय कापावा लागला तरी तसंच. वडिलांचा मधुमेह जुना आहे आणि किडनी गेली आहे. अशा माणसाच्या डोळ्यांचा पडदाही बऱ्याचदा खराब झालेला असतो. किडनी आणि डोळा, दोन्हीकडच्या बारीक रक्तवाहिन्या एकाच कारणाने बिघडतात. त्यांना वाचता येतं का, संध्याकाळी पायरी दिसते का, विचारून पाहा. नेत्रतज्ज्ञांकडून चष्मा लावून दृष्टी आणि पडदा तपासून घ्या. मूल्यमापन चष्म्यासह होतं आणि दोन्हींपैकी चांगल्या डोळ्याला त्यात महत्त्व असतं. मोतीबिंदू निघाला तर आधी त्याची शस्त्रक्रिया सांगतील, ती करून घ्या. त्यानंतरही नजर कमीच राहिली तर अल्पदृष्टी किंवा अंधत्व या प्रकारात वडिलांचा अर्ज जाऊ शकतो, किडनीचा उल्लेखही न करता.

ते जमलं नाही तरी दार बंद नाही. महाराष्ट्रातली संजय गांधी निराधार अनुदान योजना फक्त दिव्यांगांसाठी नाही. क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या दुर्धर आजारांमुळे जे स्वतः कमावू शकत नाहीत त्यांनाही ती आहे, आणि सिकलसेलग्रस्तांचाही तिच्यात समावेश आहे. वडिलांसाठी इथे दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. लागतो तो जिल्हा शल्यचिकित्सकांचा किंवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा दाखला. त्यात डायलिसिस किती वेळा, कधीपासून, आणि या आजारामुळे मजुरी करून चरितार्थ चालवणं शक्य नाही, हे वाक्य स्पष्ट असायला हवं. नुसतं "किडनीचा रुग्ण" लिहून आणलेला दाखला समितीत त्रुटी म्हणून परत येतो. वय 65 च्या आत, महाराष्ट्रात किमान 15 वर्षांचं वास्तव्य, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत, दिव्यांगांसाठी 50,000 च्या आत, अशा अटी आहेत. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रातून होतो. अनुदान महिन्याला 1,500 रुपये आहे, आणि ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांग लाभार्थ्यांना 2,500. केंद्राचं इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तीवेतन हे दारिद्र्यरेषेखालच्या, 80 टक्क्यांच्या पुढच्या व्यक्तींसाठी आहे.

उत्पन्नाची मर्यादा किती कमी आहे ते मला माहीत आहे. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणाऱ्या घरात 21,000 रुपये वर्षाला औषधा-प्रवासातच जातात. ही मर्यादा वाढायला हवी, आणि हे मी तालुक्याच्या बैठकांतही सांगत आलो आहे. तुमच्या दुकानातल्या पगारामुळे घर त्या आकड्याच्या वर जात असेल तर खोटा दाखला काढण्याच्या फंदात पडू नका. त्याऐवजी तुमच्या पगाराची चिठ्ठी पाहा. त्यातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजनेची वर्गणी) कापला जात असेल, तर तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही तिथे उपचार मिळतात, त्यात डायलिसिस आलं. महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागू होते. ज्यांना स्वतःलाच असा आजार आहे त्यांच्यासाठी ईएसआयमध्ये 34 दीर्घ आजारांची यादी आहे. पुरेशी नोकरी आणि वर्गणी झालेली असेल तर त्या आजारांत पगाराच्या 80 टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. खूप जण हे न विचारताच राजीनामा देऊन मोकळे होतात. आजारपणात राजीनामा हा शेवटचा कागद असू द्या.

प्रवासाचा खर्च तरी लगेच वाचवा. एसटीच्या साध्या बसमध्ये डायलिसिसच्या, सिकलसेलच्या आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना मोफत प्रवासाची सोय आहे, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला घेऊन आगारात विचारा. रेल्वेतही या रुग्णांना उपचारासाठी जाताना सवलत मिळते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना जिल्हा रुग्णालयात मोफत डायलिसिस देणारा प्रधानमंत्री राष्ट्रीय कार्यक्रम 2016 पासून चालू आहे. वडील खासगीत जात असतील तर तिथे नाव नोंदवून ठेवा. आणि भावाचं प्रमाणपत्र हातात आलं की ग्रामपंचायतीत एक अर्ज द्या. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. तो निधी मागणारा कोणी नसेल तर पडून राहतो.

एका विषयावर कठोर बोलतो. बोर्डाच्या दारात "टक्के वाढवून देतो" म्हणणारी माणसं भेटतील. त्यांना एक रुपयाही देऊ नका. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेतल्यास कलम 91 प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि सध्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी जोरात आहे. तुमच्या भावाकडे खरा आजार आणि खरे कागद आहेत. एजंटाच्या हातात गेल्यावर तीच खरी फाइल संशयाची होते.

अजून एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण अशा घरांत ती असतेच. प्रमाणपत्र काढलं तर लग्नाचं काय, लोक काय म्हणतील, म्हणून कित्येक जण पोरांचे कागद पेटीत ठेवतात. भाऊ 24 वर्षांचा आहे, निर्णय त्याचा आहे, त्याच्याशी मोकळेपणी बोला. प्रमाणपत्र त्याच्या कपाळावर लावायचं नसतं. जिथे लाभ हवा तिथेच ते दाखवायचं. लग्नाच्या बाबतीत लपवण्याची गोष्ट प्रमाणपत्र नाही आणि आजारही नाही. समोरच्या मुलीचीही सिकलसेल तपासणी झालेली असावी, एवढं मात्र बघा. ती वाहक असेल तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण जन्मण्याची शक्यता निम्मी असते.

पुढच्या पत्रात तीन गोष्टी कळवा: पोर्टलवर भावाच्या अर्जाची आजची स्थिती काय दाखवते, खुब्याचा एमआरआय झाला आहे का, आणि वडिलांचे डोळे शेवटचे कधी तपासले. एमआरआय झालेला असेल तर त्याच्या रिपोर्टवर काय लिहिलं आहे ते जसंच्या तसं लिहून पाठवा. अस्थिरोग विभागात कोणता अर्ज कोणत्या शब्दांत द्यायचा, ते मी त्याप्रमाणे सांगतो.